बसवराजच्या पाकिटातला दात

रमा, राहुल —

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांना तर मी आमटीत मीठ दोनदा पडलं तरी ताटावर बसायच्या आधीच सांगून टाकायचे. तुमच्या आईला नाही. विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांना तर नाहीच नाही. पंचवीस वर्षं झाली. आता मी शहात्तर वर्षांची आहे, नजर चांगली आहे, हात कापत नाही, स्वतःचे एकोणतीस दात शाबूत आहेत — म्हणजे ‘म्हातारी काहीतरी बरळली’ असं म्हणायची सोय मी तुम्हाला ठेवलेली नाही.

मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी दहा मिनिटांत वाचून टाकलं असतं, ठाऊक आहे मला. पण माझी इंग्रजी शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेली. तिच्यात चूकसुद्धा इस्त्री करून बाहेर येते. तुमच्या आईनं मेलबर्नमध्ये दर रविवारी बसवून बाराखडी गिरवून घेतली ना? तिचा उपयोग करा. हळूहळू वाचा. मलाही हळूहळूच लिहायचं आहे.

गेल्या महिन्यात रमानं दंतवैद्यकाच्या कॉलेजसाठी लिहिलेला निबंध मला फोनवर वाचून दाखवला. तिला पुढे जाऊन हाडांवरून, दातांवरून माणसं ओळखायचं काम करायचं आहे — आणि का, तर आजीची गोष्ट! ‘माझ्या आजीनं एका मेलेल्या माणसाला त्याचं नाव परत दिलं, आणि एका जिवंत माणसाला त्याचा भाऊ.’ काय वाक्य लिहिलं आहे पोरीनं! मी चष्मा काढून डोळे पुसले. आजीला भरून आलं, असं तुम्हाला वाटलं. भरून आलं होतंच. पण त्या निबंधात पुढे एका ओळीत एक माणूस येतो आणि जातो — ‘एक विसराळू शिपाई’. तेवढेच तीन शब्द. ते शब्द रमाचे नाहीत. तिनं ते माझ्याकडून घेतले. दर उन्हाळ्यात, गच्चीवर गाद्या घालून, ‘आजी, हाडांची गोष्ट’ म्हणून तुम्ही मागे लागायचात, तेव्हा मीच ते तुमच्या कानात घातले.

त्याचं नाव भीमाप्पा. सगळे भीमण्णा म्हणायचे.

थांबा. क्रमानं सांगते. क्रमाशिवाय मला काही जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे — माझ्या मसाल्याच्या डब्यांवर तुम्ही हसता ते काय उगाच?

धारवाडच्या दंत रुग्णालयात मी एक्स-रे विभागात होते. हुबळीहून रोज सकाळची बस, हातात डबा, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मजूर. आमच्या वस्तीतून इंग्रजी शाळेत गेलेली पहिली मुलगी मी, आणि पांढरा कोट घालून नोकरीला जाणारीही पहिली. तो कोट मी स्वतः धुवायचे, स्वतः नीळ घालायचे. किती आवडायचं मला ते काम! लोक दवाखान्याला भितात; मला तर तिथं पोचल्यावर घरी आल्यासारखं वाटायचं. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी अशी फिल्म पेशंटच्या तोंडात ठेवायची, बटण दाबायचं, मग डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली आधी डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये बुडवायची — आणि काळ्यातून पांढरा दात हळूहळू वर यायचा. जन्म बघावा तसं. हजारो वेळा बघितलं, एकदाही कंटाळा आला नाही.

तुम्हाला लोक चेहऱ्यानं आठवतात. मला दातांनी. बाजारात समोरून बाई यायची, नाव आठवायचं नाही, पण ती हसली की आठवायचं — हां, खालची उजवी दाढ, तीन मुळांची! तीन मुळं खालच्या दाढेला क्वचितच असतात. एखाद्याच्या दाताचं मूळ कसं वळतं, हाड कुठं विरळ आहे, डॉक्टरनं भरलेलं सिमेंट कुठं आलं आहे, हे सगळं त्या माणसाचं आणि फक्त त्याचंच. म्हणून तर माणूस मातीत गेला, ओळखू येईनासा झाला, तरी दात साक्ष देतात. जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावायचे. जुळले तर जुळले. त्यात वाद नाही.

फक्त एक अट. जुन्या एक्स-रेच्या पाकिटावर लिहिलेलं नाव खरं पाहिजे.

आमच्याकडे प्रत्येक पेशंटचं एक खाकी पाकीट असायचं. आत कार्ड आणि फिल्म. पाकिटं लोखंडी कपाटात, नंबरानं. ते कपाट म्हणजे भीमण्णाचा जीव. अळणावरकडच्या खेड्यातून आलेला, चौथीपर्यंत शिकलेला, पण तुम्ही नाव घ्यायचा अवकाश, तो आकडा सांगायचा. ‘कलावती, साधनकेरी? चारशे बारा, अक्का. नाही, ती दुसरी कलावती. ही सातशे तीस.’ आणि हसायचा. वरचे समोरचे दोन दात नव्हते त्याला. दातांच्या दवाखान्यात नोकरी, पण बसवून घेतले नाहीत. म्हणायचा, ‘दाराला कडी नसली म्हणून काय झालं, घर माझंच आहे की.’ कपाटाला रोज फडकं मारायचा. पाकीट बाहेर काढलं की त्या जागी लाकडाची पट्टी खोचायचा, म्हणजे परत ठेवताना चूक नको. ही पट्टीची युक्ती त्याची स्वतःची. मी ती नंतर स्वतःची म्हणून इतरांना शिकवली — बघा, तेही होतंच.

आता ते सांगते. पस्तीस वर्षांमागची गोष्ट.

त्या शनिवारी तुमच्या आईचा दहावीचा निकाल होता. गणितात पैकीच्या पैकी! आणि ही बातमी मला कुणी दिली, तर तिच्या गणिताच्या मास्तरांनीच. हिरेमठ मास्तर. त्या आठवड्यात त्यांच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल पुरं झालं होतं, शेवटचा एक्स-रे काढायला आले होते. गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि तरी दारातून ओरडले, ‘अक्का, तुमच्या मुलीनं माझी लाज राखली!’ मी त्यांची फिल्म काढली. तेव्हा तोंडात ठेवायच्या पुडीत दोन फिल्म एकदम यायच्या, एक आपल्याकडे ठेवायची, एक पेशंटला द्यायची. मास्तर म्हणाले, ‘मला कशाला दात? तोंडात आहे की.’ दुसरी फिल्म माझ्या खिशातच राहिली.

त्यांच्यानंतरचा पेशंट केलगेरीचा, शेतकऱ्याचा मुलगा, बसवराज. त्याचीही डावी खालची दाढ. फिल्म काढली, तो बस धरायला पळाला. मी डार्करूममध्ये गेले. आणि गात होते! पोरीला पैकीच्या पैकी — कोण गाणार नाही? गात गात फिल्म आधी फिक्सरमध्ये बुडवली. त्या कामात याहून अडाणी चूक नाही. फिल्म बाहेर आली ती काचेसारखी स्वच्छ. ना दात, ना हाड. तिच्यातून पलीकडचा तांबडा दिवा दिसत होता.

सोमवारी वरून तपासणी येणार होती. ते लोक कपाटातली पाकिटं उलगडून बघणार — कार्ड आहे, फिल्म आहे, बरोबरची खूण. माझ्या विभागाचं एकही पाकीट कधी रिकामं निघालं नव्हतं. ‘फिल्म खराब झाली, पेशंटला परत बोलावले’ अशी एक ओळ लिहायची होती. एक ओळ! खाली माझी सही. मी ती लिहिली नाही. खिशातली मास्तरांची दुसरी फिल्म बसवराजच्या पाकिटात सरकवली. दातच तो. कोण बघतं?

बसवराज पुन्हा आलाच नाही. त्याचा दात आपोआप दुखायचा थांबला असेल. पुढच्या वर्षी हिरेमठ मास्तर वर्गात शिकवता शिकवता कोसळले, पन्नाशीही गाठली नव्हती. तुमची आई दोन दिवस जेवली नाही. मीही रडले. पण त्या पाकिटाची मला आठवणसुद्धा आली नाही. इतकं सोपं असतं ते.

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. दहा वर्षांनी केलगेरी तलावापलीकडे प्लॉट पाडत होते. बुलडोझरनं माती सारली, आणि बांधाशी केलेल्या ढिगात हाडं निघाली. कवटीचे तुकडे, बरगड्या, आणि खालच्या जबड्याची डावी बाजू, दातांसकट. बांध कुणाचा? दोन भावांच्या शेताचा. थोरला मल्लप्पा. धाकटा बसवराज — जो दोन वर्षांपूर्वी मल्लप्पाशी वाटणीवरून कडाक्याचं भांडून घरातून गेला, तो गेलाच होता. मग काय राहिलं? गावानं एका दुपारीत खटला चालवून निकालही देऊन टाकला. पोलिसांनी मल्लप्पाला सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं. त्याची आई गंगव्वा सांगून बसली होती की धाकट्यानं धारवाडला दात दाखवला होता. म्हणून तो जबडा कापडात गुंडाळून आमच्याकडे आला.

आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडम फार हुशार. जबडा टेबलावर तसाच्या तसा कोन साधून ठेवला, मी फिल्म काढली, धुतली. भीमण्णानं बसवराजचं पाकीट अर्ध्या मिनिटात आणलं. दोन्ही फिल्म दिव्याच्या पेटीवर लावल्या.

हुबेहूब. दाढेचं मागचं मूळ कोयत्यासारखं वळलेलं, आणि टोकातून सिमेंटचा एक पांढरा कण बाहेर आलेला. इकडेही, तिकडेही.

मॅडमनी श्वास सोडला. आणि मी — रमा, इथंच ऐक, ही जागा मी गच्चीवर नेहमी गाळत आले — मी त्याच क्षणी ओळखलं. पाच दिवसांनी नाही. त्याच क्षणी. मला दात आठवतात, सांगितलं ना? तो कोयता मी मास्तरांच्या फिल्मवर बघितला होता. हा बसवराज नाही, हे हिरेमठ मास्तर आहेत. लिंगायत माणूस, त्यांच्यात पुरतात. तिथल्या त्यांच्याच शेतात समाधी होती, मुलांनी शेत विकलं, पुढे ते दोनदा विकलं गेलं, दगड कुणी तरी उचलला, आणि आता बुलडोझरनं मास्तरांना ढकलत दुसऱ्याच्या बांधावर आणून ठेवलं. कुणाचा खून झालेला नाही. काहीच झालेलं नाही. एवढी आनंदाची बातमी त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होती!

मॅडमनी कार्ड उघडलं. ‘यावर रूट कॅनालची नोंद कशी नाही?’

तो प्रश्न म्हणजे उघडं दार होतं. बोलायचं फक्त. आणि माझ्या तोंडून काय आलं?

‘राहिली असेल, मॅडम. तेव्हा कार्डं भीमण्णा बघायचा.’

विचार करून नाही म्हटलं. पण ते अधिक वाईट, नाही का? विचार न करता जे येतं, ते आत तयारच असतं. आमच्या वस्तीतली मी पहिली होते, माझी चूक म्हणजे सगळ्या वस्तीची चूक धरतील, हे भय मला शाळेपासून होतं. पण भीमण्णाही कुठून तरी आलेला पहिलाच होता. त्याचं भय मी कधी विचारलं? म्हणून हे कारण म्हणून लिहीत नाही. होतं, एवढंच.

पाच दिवस मी गप्प राहिले. मल्लप्पा पाच दिवस त्या बाकावर बसला. मी रोज बसनं गेले, आले, डबा खाल्ला. एके दिवशी तर पेढेही खाल्ले, कुणाच्या तरी बारशाचे.

पाचव्या दिवशी गंगव्वा आली. लहानशी बाई, हिरवं इरकल नेसलेली, पायात मुलाच्या मोठ्या चपला. मला म्हणाली, ‘अक्का, पोराचं बाकी काही बघायला मिळेना. दात तरी दाखवा.’ मी फिल्म उजेडापुढे धरली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग मास्तरांच्या दाताला बोट लावलं, ते बोट ओठाला लावलं. ‘याला दात उशिरा आले होते. वर्ष झालं तरी एक नाही. सासू म्हणायची, बोळकंच राहणार तुझं पोर.’ आणि हसली! त्या दुःखातही तिला हसू आलं. मग म्हणाली, ‘एक मातीत, एक त्या बाकावर. दोन्ही पोरं गेली बघा, अक्का.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही पाकिटं मॅडमपुढे ठेवली. मास्तरांचं आणि बसवराजचं. एकच दात, दोन फिल्म. मी खरं बोलायला गेले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं बसमध्ये. पण मॅडमनी दोन्ही फिल्म बघितल्या आणि खुर्चीतून अशा उठल्या, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर — ‘अरे, तुम्ही हे शोधलंत कसं?’ — की मी ते जुळवलेलं वाक्य सोडून दुसरंच बोलले. म्हणाले, ‘कपाट हलवताना भीमण्णाच्या हातून फिल्म सरमिसळ झाली असणार.’

मी शोधलं! मीच लपवलेलं, मीच शोधलं.

भीमण्णाला आत बोलावलं. मॅडम रागावल्या नाहीत, इतक्या खूश होत्या. नुसतं विचारलं. तो दोन्ही पाकिटांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा म्हणेल की कपाट हलवलं तेव्हा मी रजेवर होतो. होता तो रजेवर — मुलीच्या लग्नाची रजा, मीच तर अर्ज लिहून दिला होता. पण ते त्याला आठवलंच नाही. म्हणाला,

‘तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, अक्का.’

त्यानं माझ्यासाठी दोष घेतला, असं समजू नका. तसं असतं तर तो मोठेपणा झाला असता, आणि मला त्याचे पाय तरी धरता आले असते. त्याला ते खरंच वाटलं. माझं बोलणं म्हणजे छापील, असं तो मानायचा. मी सांगितलं तू चुकलास, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यात तो चुकलेला झाला.

पुढचं सगळं आनंदाचंच आहे, आणि तो आनंद मी तुम्हाला खोटा सांगितलेला नाही. मल्लप्पा त्याच संध्याकाळी घरी गेला. मास्तरांची मुलं बंगळुरूहून आली, हाडं गोळा करून पुन्हा विधीनं मातीत ठेवली, त्यांच्या हाताखाली शिकलेले किती जण आले होते! तुमची आईही आली होती, तिनं फुलं वाहिली. पेपरात बसवराजचा फोटो छापून आला — हाडं याची नव्हेत, हा कुठं आहे? आणि दीड महिन्यानं स्वारी हजर! मडगावला एका बेकरीत पाव भाजत होता. भट्टीवर कुणीतरी जुना पेपर आणला, त्यात स्वतःचाच फोटो, ‘मयत समजला गेलेला’. आला तो दाढी वाढवून, खांद्यावर पावाची पिशवी.

गंगव्वानं आधी त्याच्या मुस्काटात मारली. मग मल्लप्पाच्याही मारली, ‘तू का गप्प बसलास रे त्या बाकावर, तोंड नव्हतं?’ मग दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. मी तिथं होते. आम्हा सगळ्या विभागाला होळगी, म्हणजे पुरणपोळी, जेवायला बोलावलं होतं. तुपाची धार, चिंचेचं सार, अंगणभर माणसं. बसवराज होळगीबरोबर पाव खायला लागला तेव्हा मल्लप्पा म्हणाला, ‘परत मरायचं आहे काय?’ — दोन वर्षांनी भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सगळं अंगण हसलं. इतका आनंद मी क्वचित बघितला आहे. त्या जेवणात माझ्या अंगावर शाल घातली गेली. गंगव्वानं माझा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. तोच हात, ज्यानं खिशातून फिल्म काढली होती.

भीमण्णा पंगतीत वाढत होता. कुणीतरी ओरडलं, ‘भीमण्णा, बघून वाढ! होळगीच्या ताटात पिठलं पडेल.’ तोही हसला, त्या दोन दातांच्या खिडकीतून. ‘पडलं तर अक्का काढतील की शोधून!’

त्या जेवणानंतरच्या आठवड्यात त्यानं मॅडमना सांगितलं, मला कपाटावर नको. विसरायला लागलोय. पुन्हा कुणाचं पोर माझ्यामुळं मरायला नको. मॅडम नको म्हणाल्या, तरी ऐकलं नाही. मग त्याला फाटकावर बसवलं. निवृत्तीपर्यंत पाच वर्षं. ज्याला हजारो पाकिटं तोंडपाठ होती, तो पाच वर्षं सायकली लावून घेत बसला. आणि खरंच विसरायला लागला — की विसरतो असं धरून चालला? मला फरक कळत नाही. घरी कुलूप तीन तीनदा ओढून बघायचा, असं त्याचा मुलगा सांगतो.

रोज सकाळी मी फाटकातून आत जाताना तो स्टुलावरून उठून उभा राहायचा. मी मान हलवायचे. पाच वर्षं, रोज. एकदा तरी थांबले का? सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

राहुल, तू विचारशील, मग आता सांगते आहेस तर भीमण्णांना सांगितलंस का? नाही. त्याला अजून माहीत नाही. ‘उद्याच जाऊन सांगणार आहे’ असं इथं लिहिलं, तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असेल. म्हणून लिहीत नाही. फक्त गोष्टीतला माणूस तुमच्याकडे बरोबर पोचला पाहिजे. फिल्म त्यानं बदलली नाही. त्याच्या हातून त्या कपाटात एकही चूक झाली नाही — एकही. विसराळू शिपाई नव्हता. खोटं बोलणारी टेक्निशियन होती.

या हिवाळ्यात भीमण्णाची ऐंशी पुरी झाली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात मुलाचं दुकान आहे, त्याच्यावरच घर. मला आवर्जून बोलावलं. खाली हातगाड्यांचा गलका, वर नातवंडं, पतवंडं, केक, भज्यांचा वास. पोरांनी धरलं त्याला — ‘अज्जा, मेलेला माणूस जिवंत झाला ती सांगा!’ आणि त्यानं सांगितली. काय सांगतो म्हणून सांगू! मॅडमचा आवाज काढला, बुलडोझर काढला, गंगव्वाची चपराक तर अशी काढली की शेजारचा पोरगाच गाल धरून बसला. आणि मधोमध स्वतःला उभा केला — दोन्ही हातांत पाकिटं, डोळे फिरवत, कुठलं कुठं ठेवायचं ते कळत नाही असा खुळा शिपाई. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. खोटं नाही, खरंच हसू आलं मला.

मग तो पोरांना म्हणाला, ‘आणि मग कोण आलं वाचवायला? ह्या अक्का!’ आणि उठून उभा राहिला. गुडघे दुखतात त्याचे, भिंतीला धरून उठला. घरातली एकुलती एक चांगली खुर्ची त्याचीच होती, वाढदिवस म्हणून तिच्यावर नवं कापड घातलं होतं. ती त्यानं माझ्यापुढे सरकवली. ‘बसा अक्का, बसा.’

मी बसले.